तीन पात्रं, सोळा वादक: परवान्याच्या कलमांतून घडलेला ऑफेनबाखचा ऑपेरेटा

सर्कशीतल्या विदूषकांची पळापळ असो की कार्टूनमधला पाठलाग, मागे हमखास एक धून वाजते. ओळीत उभ्या बायका घागरे उचलून पाय उंच फेकताहेत, असं चित्र ती ऐकताच डोळ्यांसमोर येतं. जगभर ती 'कॅन-कॅन'ची धून म्हणून ओळखली जाते. जाक ऑफेनबाखने ती १८५८ साली पॅरिसमध्ये रचली, ग्रीक देवदेवतांची टर उडवणाऱ्या एका संगीतनाट्यासाठी.

ऑफेनबाखबद्दल वाचायला घेतलं की दोन गोष्टी गोंधळात टाकतात. पहिली म्हणजे, पाच-पाच अंकी भव्य ऑपेरांनी गाजलेल्या शहरात अर्ध्या-पाऊण तासाचा, मूठभर पात्रांचा हा प्रकार एकाएकी का फोफावला? दुसरी त्याच्या शेवटच्या कामाबद्दलची. 'हॉफमनच्या कथा' हा त्याचा ऑपेरा दोन वेगवेगळ्या नाट्यगृहांत पाहिला तर अंकांचा क्रमसुद्धा जुळत नाही. असं कसं होतं? पहिल्याचं उत्तर बरंचसं सरकारी परवान्यात आहे आणि दुसऱ्याचं त्याच्या काम करण्याच्या पद्धतीत. प्रतिभा होतीच, पण तिला आकार कशाने दिला हे कळल्याशिवाय या माणसाचं काम नीट समजत नाही.

ऑपेरेटा म्हणजे काय

ऑपेरात बहुधा सगळंच गाऊन सांगतात, निरोप आणि भांडणंसुद्धा. ऑपेरेटात पात्रं साधं बोलतात आणि मोक्याच्या जागी गातात. 'सौभद्र' किंवा 'शारदा' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळं समजावायला नको. गद्य संवाद, मध्ये पदं, आणि नटाला दोन्ही यायला हवं, ही आपल्या संगीत नाटकाची रीत इथेही आहे. फरक वाद्यांचा आणि सुरांच्या रचनेचा. ऑपेरेटात खाली वाद्यवृंद बसतो आणि दोन-तीन पात्रं एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात. शिवाय विषय बहुतेक हसण्याचा असतो.

या नाट्याची लेखी संहिता, म्हणजे संवाद आणि गाण्यांचे शब्द, तिला लिब्रेटो म्हणतात. ती लेखक लिहितो, संगीतकार तिला चाली देतो. हे दोन शब्द एवढ्यासाठी सांगितले, की पुढे ते लागतील.

कलोनचा मुलगा, पॅरिसचा चेलोवादक

याकोब (पुढे पॅरिसमध्ये 'जाक') ऑफेनबाखचा जन्म २० जून १८१९ रोजी जर्मनीतल्या कलोन इथे झाला. दहा भावंडांतला तो सातवा. वडील इझाक एबर्स्ट पुस्तकबांधणी शिकलेले आणि गावोगाव वाजवत फिरणारे. पुढे कलोनच्या ज्यू प्रार्थनामंदिरात गायक झाले. ते मूळचे ऑफेनबाख गावचे, म्हणून लोकांनी तेच आडनाव करून टाकलं. याकोब चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य, शिकला. भाऊ व्हायोलिनवर, बहीण पियानोवर आणि हा चेलोवर, असं तिघांचं पथक कलोनमध्ये लोकांसमोर वाजवत असे.

१८३३ मध्ये वडील दोन्ही मुलांना घेऊन पॅरिसला गेले. तिथल्या सरकारी संगीत विद्यालयाचे प्रमुख केरुबिनी परदेशी विद्यार्थ्यांना दाराबाहेर ठेवत. पुढे पियानोवादक म्हणून गाजलेल्या फ्रांझ लिस्टला दहा वर्षांपूर्वी, तो लहान असताना, त्यांनी परत पाठवलं होतं. याकोबचा चेलो ऐकून मात्र त्यांनी नियम बाजूला सारला. याकोब वर्षभरातच तिथून बाहेर पडला आणि ऑपेरा-कोमीक या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात नोकरीला लागला. तिथे तो आणि शेजारचा चेलोवादक एकाच ओळीतले सूर आळीपाळीने, एक याने एक त्याने, असे वाजवत आणि त्यापायी त्यांचा पगार कापला जाई. ही खोडी मला फार बोलकी वाटते. एका वादकाचं काम दोघांत वाटलं तर कसं ऐकू येतं, हे तो पोरवयात तपासून बघत होता.

१८४४ मध्ये कॅथलिक होऊन त्याने एर्मिनी दाल्काँशी लग्न केलं. १८५० पासून कोमेदी-फ्राँसेझ या गद्य नाटकांच्या थिएटरात तो संगीत सांभाळत होता. त्याला ऑपेरा-कोमीकमध्ये स्वतःची कामं लावायची होती आणि तिथलं दार काही उघडेना.

परवाना: कुणी काय दाखवायचं, हे सरकार ठरवत होतं

१८०७ मध्ये नेपोलियनने पॅरिसमधली नाट्यगृहं आठवर आणली आणि प्रत्येकाला प्रकार वाटून दिला. संपूर्ण गायलेला ऑपेरा एका ठिकाणी, संवादांसह नवं संगीत दुसऱ्या ठिकाणी, गद्य नाटक तिसऱ्या. नेपोलियन गेल्यावर नाट्यगृहं वाढली, पण परवान्याची पद्धत १८६४ पर्यंत टिकली. मोठ्या नाट्यगृहांच्या प्रांतात लहानांनी शिरू नये म्हणून लहानांच्या परवान्यात अटी घातल्या जात: किती अंक, किती पात्रं, समूहगान असेल की नाही.

या पटावर ऑफेनबाखच्या आधी एक माणूस उतरला होता, हे सांगायलाच हवं. एर्वे नावाचा संगीतकार १८५४ पासून स्वतःच्या छोट्या थिएटरात फक्त दोन पात्रांची संगीत प्रहसनं करत होता. ऑफेनबाखचं एक प्रहसनही आधी तिथेच लागलं. त्यामुळे 'ऑपेरेटाचा जनक' हा मान द्यायचा तर तो दोघांत वाटून द्यावा.

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. प्रदर्शनाच्या जवळच, शाँझेलिझे रस्त्यावर, एक लाकडी नाट्यगृह मोकळं होतं. आसनं जेमतेम ३००. ऑफेनबाखने ते भाड्याने घेतलं, परवाना मिळवला आणि ५ जुलैला 'बूफ-पारिझिएन' या नावाने पडदा उघडला. अट अशी की एका नाट्यात बोलणारी-गाणारी पात्रं तीन, आणि नाट्य एका अंकाचं. पहिल्याच दिवसाच्या कार्यक्रमातलं 'दोन आंधळे' तुफान चाललं: पुलावर भीक मागण्याच्या जागेवरून दोन खोटे आंधळे भांडतात, एवढीच गोष्ट. हिवाळ्यात शाँझेलिझे ओस पडतो, म्हणून डिसेंबरमध्ये त्याने बिऱ्हाड शहरातल्या साल श्वाझल या साधारण ९०० आसनांच्या नाट्यगृहात हलवलं.

तीन पात्रं म्हटल्यावर काय काय बदलतं, ते पाहा. समूहगान नाही, तेव्हा अंकाचा शेवट गर्दीच्या आवाजावर नेता येत नाही. तिघांच्या एकत्र गाण्यावरच तो चढवावा लागतो. उपकथानकाला जागा नाही, म्हणून गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत उभी राहायला हवी. नुसता गोड गळा असलेला गायक चालत नाही, कारण तिघांतला एक जण जरी अभिनयात कच्चा निघाला तरी सगळा खेळ पडतो. ऑफेनबाखची घट्ट वीण, झटपट उलगडणारी गाणी आणि शब्द स्पष्ट ऐकू येण्याचा आग्रह या अडचणीतूनच तयार झाला.

अटींशी तो खेळलाही. पात्रांची मर्यादा चारवर आल्यावर १८५७ च्या 'क्रोकफेर' मध्ये त्याने पाचवं पात्र घुसवलं. हा एक सरदार, त्याची जीभ लढाईत कापलेली! बोलता येत नाही, म्हणून तो लिहिलेल्या पाट्या दाखवतो. कायद्याने तो 'बोलणारं पात्र' ठरत नव्हता.

सोळा वादकांचं गणित

सुरुवातीच्या थिएटरात वाद्यवृंदाची जागा इतकी अरुंद होती की वादक १६ च बसत. बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून ही फुंकवाद्यं प्रत्येकी एक, पितळी वाद्यांत हॉर्न दोन, कॉर्नेट एक, ट्रॉम्बोन एक, तालवाद्यांना एक माणूस आणि तंतुवाद्यांना सात. एवढ्यात सगळं भागवायचं. सात तंतुवाद्यांचा आवाज पितळी वाद्यांखाली सहज दबतो, म्हणून तो पितळी वाद्यं गाण्याच्या ओळीखाली फारशी वाजू देत नाही. ओळ संपली की त्यांना मोकळं सोडतो. साल श्वाझलमध्ये वादक ३० झाले, पण ही सवय गेली नाही. आज एखादा मोठा सिंफनी वाद्यवृंद ही छोटी नाट्यं वाजवायला घेतो तेव्हा ती जड होतात ती नेमकी इथे: तंतुवाद्यं चौपट होतात, गायकाला आवाज वाढवावा लागतो, आवाज वाढला की शब्द जातात, आणि शब्द गेले की विनोद गेला.

त्याची लिहिण्याची पद्धतही ध्यानात ठेवावी, पुढे 'हॉफमन'च्या वेळी ती कामाला येईल. लिब्रेटो वाचताना सुचलेली चाल तो वहीत किंवा थेट लिब्रेटोच्या कागदावर टिपून ठेवी. मग मोठ्या स्वरलेखन-कागदाच्या मध्यभागी गायकांच्या ओळी, तळाला पियानोची साथ आणि कुठे कोणतं वाद्य हवं त्याच्या खुणा. मधल्या रेघा कोऱ्याच राहत. प्रयोग नक्की होणार असं दिसलं की मगच तो त्या भरायला घेई. तालमीत काटछाट होई आणि पहिल्या प्रयोगानंतर प्रेक्षक कुठे कंटाळले ते पाहून पुन्हा होई. त्याचं संगीत असं रंगमंचावर पुरं होत असे.

१८५८: अटी उठल्या, धून आली

१८५८ मध्ये पात्रसंख्येची अट सैल झाली. थिएटर तेव्हा कर्जात होतं. २१ ऑक्टोबरला त्याने 'पाताळात ऑर्फियस' लावलं: दोन अंक, भरपूर पात्रं, समूहगान, नाच. मूळ ग्रीक कथेत ऑर्फियस मेलेल्या बायकोसाठी पाताळात जातो. इथे नवरा-बायकोला एकमेकांचा वीट आलेला आहे. ती गेल्याचा त्याला आनंद होतो आणि 'लोकमत' नावाचं पात्र लोकलज्जेची भीती घालून त्याला तिला आणायला पाठवतं. स्वर्गात देव रोजच्या अमृताला कंटाळून ज्युपिटरविरुद्ध बंड करतात आणि त्या वेळी वाद्यवृंदात 'मार्सेयेज'चे सूर येतात. हे क्रांतिगीत सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत जाहीरपणे गायची सोय नव्हती. तेव्हाच्या पॅरिसकराला तो इशारा कळायला एक ओळ पुरे होती.

सुरुवातीला गर्दी बरी होती, फार नव्हे. फेब्रुवारी १८५९ मध्ये ज्यूल झानँ या वजनदार समीक्षकाने 'पवित्र प्राचीन परंपरेची विटंबना' अशा सुरात झोड उठवली आणि विटंबना बघायला सारं शहर लोटलं. सलग २२८ प्रयोग झाले. थांबले ते नट थकले म्हणून.

'पण कॅन-कॅन तर मुलाँ रूजचा ना?'

मुलाँ रूज हे पॅरिसमधलं नाचगाण्याचं ठिकाण १८८९ मध्ये सुरू झालं. ऑफेनबाखला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. कॅन-कॅन हा नाचप्रकार मात्र त्याच्या आधीपासून, १८३० च्या सुमारास पॅरिसच्या नाचघरांत होता. त्याने लिहिला तो 'गालॉप', म्हणजे दोन मात्रांचा घोडदौडीसारखा वेगवान नाच, पाताळातल्या मेजवानीच्या शेवटी देवांनी नाचायचा. नाचघरांनी ती धून नंतर उचलली.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. मैफिलीत 'ऑर्फियसची नांदी' म्हणून जी रचना वाजते आणि जिच्या शेवटी ही धून येते, ती जोडणी ऑफेनबाखची नाही. १८६० च्या व्हिएन्नातल्या प्रयोगासाठी कार्ल बिंडरने त्याच्या चाली घेऊन ती बांधली.

'ही सगळी नुसती करमणूकच की'

हा आक्षेप त्याच्या हयातीपासून आहे आणि त्यात तथ्यही आहे. त्याने जवळजवळ १०० नाट्यं लिहिली. त्यांतली बरीच घाईची, एका हंगामापुरती. पण १८६४ च्या 'सुंदर हेलेना' पासून १८६८ च्या 'ला पेरिकोल' पर्यंतची चार-पाच वर्षं बघितली तर 'नुसती' हा शब्द टिकत नाही. या काळात आँरी मेयाक आणि लुदोविक अलेवी ही लिब्रेटोकारांची जोडी त्याच्याकडे होती आणि ऑर्तान्स श्नायडर ही गायिका-नटी.

१८६७ चं 'गेरोलस्टाइनची महाराणी' घ्या. महाराणीला शिपाई आवडतो, ती त्याला भराभर बढत्या देऊन सेनापती करते आणि लढाई होते ती तिला कंटाळा आला म्हणून. सेन्सॉरने राज्य काल्पनिक ठेवायला लावलं, काळ मागच्या शतकात ढकलला आणि श्नायडरने पोशाखावर लावलेलं खोटं सन्मानचिन्हसुद्धा उतरवायला लावलं. त्या वर्षी पुन्हा प्रदर्शन होतं. रशियाचा झार, इंग्लंडचा युवराज, बिस्मार्क सगळे हे पाहून गेले. तीन वर्षांनी बिस्मार्कच्या प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला आणि युद्धानंतर फ्रान्समध्ये या नाट्यावर बंदी आली, सैन्याची थट्टा करतं म्हणून. निव्वळ करमणुकीवर कुणी बंदी घालत नाही.

मग तो राजवटीचा विरोधक होता का? तसंही म्हणता येत नाही. त्याला फ्रेंच नागरिकत्व १८६० मध्ये मिळालं ते सम्राटाच्या मेहरबानीने, पुढच्याच वर्षी लीजन ऑफ ऑनर हा सरकारी सन्मानही. तो त्याच समाजाच्या पैशावर जगत होता आणि त्याच समाजाला आरसा दाखवत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या धराव्यात.

युद्ध, दिवाळं आणि अमेरिका

१८७० च्या युद्धात जर्मन वृत्तपत्रांनी त्याला गद्दार ठरवलं आणि फ्रेंच वृत्तपत्रांनी बिस्मार्कचा माणूस. तरी १८७३ मध्ये त्याने गेते हे मोठं नाट्यगृह चालवायला घेतलं. आता परवान्याची अडकाठी नव्हती, जागेची नव्हती. पुढच्या वर्षी 'ऑर्फियस' फुगवून चार अंकांचं केलं; खाली ६० वादक आणि देवांच्या मिरवणुकीसाठी वर ४० जणांचा लष्करी बँड. ते चाललं. पण त्याच वर्षअखेरीस सार्दू या नाटककाराच्या 'द्वेष' या ऐतिहासिक नाटकाच्या चिलखतांवर आणि देखाव्यांवर अफाट खर्च झाला आणि नाटक पडलं. पुढची कमाई कर्जापोटी लिहून देऊन तो बाहेर पडला. १६ वादकांत ज्याने नाव कमावलं, त्याला मोकळ्या हाताने बुडवलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत खरं प्रकरण आहे.

१८७६ मध्ये अमेरिकेच्या शताब्दी प्रदर्शनाच्या निमित्ताने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात ४० हून अधिक मैफिली करून त्याने देणी फेडायला हातभार लावला.

'हॉफमन' प्रत्येक ठिकाणी वेगळा का

शेवटची काही वर्षं संधिवाताने जर्जर झालेला ऑफेनबाख एका गंभीर ऑपेरावर काम करत होता. कवी हॉफमन आपल्या तीन प्रेमांच्या गोष्टी सांगतो: ओलिंपिया ही यांत्रिक बाहुली, गायल्यास मरणार असलेली आंतोनिया आणि व्हेनिसची गणिका जूलियेता. आधी हे काम गेतेसाठी होतं आणि हॉफमनचा आवाज खालच्या पट्टीचा, बॅरिटोन होता. ते थिएटर बुडालं. ऑपेरा-कोमीकने काम घेतलं आणि तिथे नायक वरच्या पट्टीचा, टेनर हवा होता. बदल सुरू असतानाच ५ ऑक्टोबर १८८० रोजी ऑफेनबाख गेला. वाद्यांच्या रेघा बऱ्याचशा कोऱ्या, शेवटचे भाग अपुरे आणि ज्या तालमींत तो काटछाट करत असे त्या पुऱ्या झालेल्या नाहीत.

एर्नेस्त गिरो या संगीतकाराने वाद्यरचना पुरी केली. १० फेब्रुवारी १८८१ च्या पहिल्या प्रयोगात व्हेनिसचा अंकच गाळला होता. पण त्यातलं नावाड्यांच्या चालीचं गोड गाणं सोडवेना, म्हणून आंतोनियाचा अंक व्हेनिसला नेला! ते गाणं मुळात १८६४ च्या व्हिएन्नातल्या एका अयशस्वी ऑपेरातलं. पुढे व्हेनिसचा अंक परत आला, पण मध्ये घुसवला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोनाकोतल्या प्रयोगासाठी त्यात 'हिऱ्याचं गाणं' आलं. त्याची चाल ऑफेनबाखच्याच 'चंद्रावर सफर' मधली, जागा मात्र त्याने ठरवलेली नव्हे. १९७० नंतर हस्तलिखितांचे गठ्ठे सापडत गेले आणि दर वेळी नवी संपादित आवृत्ती निघाली.

तेव्हा एकच अस्सल 'हॉफमन' कुठे मिळेल, या प्रश्नाला उत्तर नाही. तो माणूस तालमीत निर्णय घ्यायचा आणि तालमी पुऱ्या होण्याआधीच गेला.

त्याच्यापासून कुणी काय घेतलं

व्हिएन्नात त्याची नाट्यं गाजली, आणि तिथला संगीतकार योहान श्ट्राउस (धाकटा) ऑपेरेटाकडे वळला तो त्यानंतरच. श्ट्राउसच्या 'वटवाघूळ' ची गोष्ट मेयाक-अलेवींच्याच एका नाटकावरून घेतलेली. फ्रेंच संगीतकार बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेराचा लिब्रेटोही याच जोडीचा, आणि बिझेला पहिल्यांदा रंगमंच मिळवून दिला तो ऑफेनबाखने भरवलेल्या १८५६ च्या स्पर्धेने. लंडनमध्ये लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांचं 'ट्रायल बाय ज्युरी' मार्च १८७५ मध्ये 'ला पेरिकोल' च्या खेळाला जोड म्हणून लागलं होतं.

ऐकायचं, बघायचं, बसवायचं असेल तर

सुरुवात 'ला पेरिकोल' मधल्या पत्राच्या गाण्याने करावी. उपाशी प्रेयसी प्रियकराला निरोपाचं पत्र लिहिते आणि चाल एकदाही रडवी होत नाही. मग 'ऑर्फियस', पण १८५८ चं की १८७४ चं ते आधी बघून. मोठ्या आवृत्तीत नाच आणि देखावे फार आहेत, आणि फक्त ऐकताना ते लांबतात. फ्रेंच येत नसेल तर संवादांचा अनुवाद समोर ठेवावा. संवाद गाळलेली ध्वनिमुद्रणं घेतली तर गाणी अधांतरी वाटतात.

'हॉफमन' पाहायला जाताना अंकांचा क्रम तपासावा. ओलिंपिया, आंतोनिया, जूलियेता असा असेल तर तो मूळ आराखड्याच्या जवळचा. जूलियेता मध्ये असेल तर जुनी छापील आवृत्ती वापरली आहे असं समजावं. हॉफमनची काव्यदेवता सुरुवातीला आणि शेवटी भरपूर गात असेल, तर नव्याने सापडलेले भाग घेतलेले आहेत.

आणि एखाद्या हौशी संस्थेला काही बसवायचंच असेल तर 'दोन आंधळे' घ्यावं. अर्ध्या तासाचा खेळ आहे. दोन नट, एक पियानो आणि पुलाचा कठडा एवढ्यात भागतं. मात्र दोघांनाही बोलण्याची लय आणि गाण्याची लय एकमेकांत मिसळता यायला हवी. पहिला आठवडा फक्त गद्य वाचावं आणि चाली नंतर चढवाव्यात.